नेव्हिल ट्रेंबाथच्या गुडघ्यासाठी योग्य फिजिओ

गुडघा निसर्ग देतो. तो दुखू लागल्यावर कोणाला दाखवावा, हा निर्णय मात्र निसर्गाने सुज्ञ समाजावर सोपवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या नॅरावीन गावात ही जबाबदारी मेन्स शेडने उचलली. (मेन्स शेड म्हणजे निवृत्त पुरुषांना सुतारकामाच्या निमित्ताने घराबाहेर ठेवण्याची सोय. तिची मूळ मागणी पत्नीवर्गाकडून आली, असे जुने सभासद सांगतात.) मी तंत्रनिकेतनात शिकलेला फिटर आणि गुडघा ही मूलतः बिजागरी, त्यामुळे फिजिओथेरपिस्ट निवड उपसमितीचे अध्यक्षपद ओघानेच माझ्याकडे आले. सचिवपद रॉस पेनगिलीकडे गेले. त्याने हयातभर मेंढ्यांचा ट्रक चालवला असून सजीवांची ने-आण त्याला परिचित आहे.

उपसमितीपुढे प्रकरण एकच होते: नेव्हिल ट्रेंबाथचा डावा गुडघा. नेव्हिल हा आमच्या लॉन बोल संघाचा कर्णधार. या खेळात गोळा हिरवळीवरून घरंगळत दूरच्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ न्यायचा असतो आणि तो सोडताना गुडघा वाकवून जवळजवळ जमिनीला टेकावे लागते. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी गोळा पकडून सोडणारी एक लांब दांडी नियमांनी मान्य केली आहे. दांडी वापरण्यात कमीपणा नाही, असे क्लबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. (ज्यात खरोखरच कमीपणा नसतो, ते भिंतीवर लिहावे लागत नाही.) नेव्हिलचा गुडघा हिवाळ्यात अडकला आणि मोसम वसंतात सुरू होणार होता.

"दांडी मी घेणार नाही म्हणजे नाही," नेव्हिल म्हणाला. "माझा बाप ऐंशी ओलांडल्यावरसुद्धा वाकून गोळा सोडायचा."

"आणि मग दोघं जण त्याला उचलून उभा करायचे," रॉस म्हणाला.

"उचलायचे ना? पण वाकायचा तो स्वतः!"

पहिले उमेदवार श्री. हॅलोरन. हे गावातच, औषधाच्या दुकानामागे बसतात. ते जवळ असणे हाच त्यांच्याविरुद्धचा मोठा मुद्दा ठरला. सहज जाता येते तिथे कोणी गंभीर आजार घेऊन जात नाही. शिवाय त्यांनी उपचार म्हणून व्यायाम सांगितला: हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठावे आणि चहाचे पाणी उकळेपर्यंत एका पायावर उभे राहावे, सकाळ-संध्याकाळ. सोबत हे सगळे लिहिलेला एक कागद व पायाने ताणायचा हिरवा रबरी पट्टा दिला. खुर्चीतून उठणे नेव्हिल लहानपणापासून कोणत्याही तज्ज्ञाविना करत आलेला असल्याने, हा उपचार नसून उपचारांचा अभाव आहे, असे उपसमितीने एकमताने ठरवले.

दुसऱ्या बाई शहरात, गाडीने दोन तासांवर. अंतराचा निकष इथे उत्तम पूर्ण झाला. त्यांच्याकडे निळा दिवा लागणारे यंत्र होते. मी ते मागून तपासले. वायरिंग समाधानकारक होते. यंत्र चालू असताना व्हेल माशांचे गाणे वाजत होते आणि नेव्हिलला झोप लागली. आम्ही त्यांची निवड जाहीर करणार, इतक्यात बाईंनी कागद काढला. खुर्ची. चहाचे पाणी. पट्टा या वेळी पिवळा होता.

तिसरी टीगन. वयाने नातीएवढी, पण शेजारगावच्या फुटबॉल संघाचे गुडघे तीच सांभाळते. तिचा अंगठा माझ्या वर्कशॉपमधल्या लोखंडी पकडीसारखा घट्ट बसतो. नेव्हिल असा ओरडला की बाहेर बसलेल्या रुग्णाने आपली वेळ बदलून घेतली. रॉसने समाधानाने मान डोलावली. (ओरडणे हा दर्जाचा पुरावा होय.)

"घरी व्यायाम करताय ना, नेव्हिल?" टीगनने विचारले.

"करतो की. होईल तेवढा."

"किती होतो?"

"होईल तेवढाच."

तिने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. छताचे काम चांगले झाले होते.

"आणि ते रबरी पट्टे? वापरता?"

"रोज!"

हे अक्षरशः खरे होते. हिरव्या पट्ट्याने नेव्हिलची टोमॅटोची रोपे बांधली होती, पिवळ्याने ट्रेलरवरची ताडपत्री. उपसमितीच्या पाहणीत शेडच्या शंभर टक्के सभासदांकडे असे पट्टे आढळले आणि एकही पडून नव्हता. कोणाचे फाटक, कोणाच्या फ्रीझरचे दार, रॉसच्या तर ट्रकची नंबर प्लेट त्यावर टिकून आहे. फिजिओथेरपीने आमच्या गावाला जे बळकट केले आहे, त्याची कल्पना शहरातल्यांना येणार नाही.

टीगनने हसून निळा पट्टा दिला, आणि कागद. खुर्ची. चहाचे पाणी.

तीन गावांतले तीन तज्ज्ञ एकमेकांना न भेटता शब्दशः तेच लिहितात, हा योगायोग असू शकत नाही. हे संगनमत आहे, असा निष्कर्ष काढून उपसमितीने चौथ्याचा शोध आरंभला. रॉसला क्वीन्सलंडमधल्या एका माणसाची माहिती मिळाली, जो सगळे स्वतःच करतो आणि रुग्णाकडून काही म्हणजे काही मागत नाही. त्याची वेळ मात्र मोसम सुरू झाल्यानंतरची मिळाली.

तिन्ही कागद दरम्यान नेव्हिलच्या फ्रिजवर, प्लंबरच्या जाहिरातीच्या चुंबकाखाली, एकावर एक सुरक्षित होते. त्या फ्रिजसमोर पाणी उकळण्याची वाट पाहत त्याची बायको डॉट रोज उभी असे. डॉट आमच्या संघात राखीव खेळाडू होती. राखीव खेळाडूचे मुख्य काम सँडविच करणे.

मोसमाच्या पहिल्या शनिवारी नेव्हिल गोळा घेऊन वाकला. वाकला तो उत्तमच. मग तो तसाच राहिला. प्रतिस्पर्धी कर्णधाराला वाटले, प्रार्थना चालू आहे. त्याने टोपी काढली. शेवटी रॉसने आणि मी नेव्हिलला दोन बाजूंनी धरून उभा केला.

"बापासारखाच आहेस," रॉस म्हणाला.

डॉटने सँडविचचा डबा खाली ठेवला, गोळा उचलला, गुडघा गवताला टेकेल इतकी वाकली आणि सोडला. गोळा पांढऱ्या चेंडूला जाऊन बिलगला. मग ती कशालाही न धरता सरळ उभी राहिली. टाळ्या मुख्यतः या उभे राहण्याला पडल्या.

"डॉट, तू जातेस कोणाकडे?" रॉसने सचिव या नात्याने विचारले.

"कोणाकडे म्हणजे?"

"फिजिओ गं! कोणता धरलास?"

"फ्रिजवरचा," डॉट म्हणाली.

एका उदाहरणावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही, अशी नोंद करून उपसमितीने हा पुरावा बाजूला ठेवला. डॉट आता कर्णधार आहे. नेव्हिल दांडीने खेळतो आणि खरे सांगायचे तर पूर्वीपेक्षा बरा खेळतो. "नेव्ह, सरळ धर ती! गाडीचा गिअर नाहीये तो!" असे डॉट हिरवळीच्या टोकावरून ओरडते, आणि तो सरळ धरतो. सँडविच तोच करतो. काकडी जरा जाड कापतो.

योग्य फिजिओचा शोध अर्थातच चालू आहे. वाचकांपैकी ज्यांच्या फ्रिजवर असाच एखादा कागद असेल, त्यांनी वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही. हे लिखाण वाचायला चहाचे पाणी उकळण्याइतकाच वेळ लागतो. तेवढा वेळ आपण बसूनच होतात, हे लक्षात घेऊन उपसमितीने आपल्याला सभासद करून घेतले आहे.