त्ये बी जागं हाय

मी स्वयंसेवक झालो तो निव्वळ हट्टाने. आमच्या विट्यात प्रांजल नावाची एक मुलगी ओसाड माळांवर पुन्हा देशी गवत उगवायचं काम करते. बिया गोळा करायला तिला माणसं हवी होती. माझ्या हातात फॉर्म पाहून आमची दीपमाला म्हणाली, "तुमी? मेथी आना म्हटलं तर गाजरगवत आननारा मानूस." (ते एकदाच झालं होतं, आणि जुडी अगदी नीट बांधलेली होती.) झालं, मी सही ठोकली.

"औंधच्या वाटेवरचं टेकाड तुमच्याकडे," प्रांजल म्हणाली. "तिथलं कुसळीचं गवत इकडे दुसरीकडे कुठे उरलेलं नाही, आणि पुढच्या महिन्यात तिथे खडीचं मशीन लागणार आहे. रविवारपर्यंत बी आणा. कापडी पिशवीत, हं."

कापडी म्हणून मी सासूबाईंनी मोर भरलेला उशीचा अभ्रा घेतला. विचारलं नाही.

टेकाडावर पोचलो तेव्हा दुपारचे बारा. वारा नव्हता, एक पाखरू नव्हतं, तरी गवत खसखसत होतं. मधोमध शेंदूर फासलेला दगड. अभ्रा भरत आला आणि मागे कुणीतरी खाकरलं. वळलो तर दोन हातांवर घोंगडीवाला म्हातारा. मेंढरू एकही दिसेना.

"मी धुळा," तो म्हणाला. "ह्यो म्हसोबा. लय जागं दैवत हाय." मग त्याने अभ्र्याकडे बोट केलं. "त्ये बी जागं हाय. जपून न्या. वल लागू देऊ नगा."

म्हसोबा जागा, आणि ते पण जागं? ते म्हणजे कोण, हे न विचारताच मी अभ्रा उचलून निघालो. उतरताना कुणीतरी माझा पायमोजा हळूहळू ओढत होतं. खाली बघायची छाती झाली नाही.

माळावरचं ते मी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलं, बरोबर गॅसच्या वर. दीपमालाने कुकर लावला. पहिल्या शिट्टीला वर कुणीतरी कूस बदलली. दुसरीला अभ्रा फुगला. तिसरीला मोराच्या पोटातून एक काळं, बारीक बोट बाहेर आलं आणि सावकाश गोल फिरू लागलं. त्याच्यामागून आणखी एक. मग पुष्कळ.

दीपमाला भिंतीला टेकली. "आवं, काय कोंडून आनलंय? आन् आईच्या अभ्र्यात?"

"धुळा म्हणाला म्हसोबा जागा आहे, आणि 'त्ये बी'."

"त्ये म्हंजी कोन?"

"विचारलं नाही."

तिने गॅस बंद केला. "एक तर त्ये ऱ्हाईल घरात, न्हाईतर मी."

अठरा वर्षांच्या संसारात ती असं कधी बोलली नव्हती. मी खरंच घाबरलो, आणि म्हसोबाला नव्हे.

सकाळी धुक्यातच टेकाड गाठलं. दगडापुढे अभ्रा उपडा केला, हात जोडले. ढीग क्षणभर निपचित होता. मग त्याला दव लागलं. एकेक काडी उभी राहिली आणि गिरक्या घेत जमिनीत शिरू लागली, खालून कुणी ओढून घ्यावी तशी. मी पळायला वळलो, पाय घसरून त्याच ढिगात बसलो, आणि बसल्याबसल्या घसरत थेट धुळाच्या पायाशी आलो.

"ते जागं म्हणजे कोण?" मी विचारलं.

"कोन कशाला? बी, आवं. बियानं. वल लागली की पीळ सुटतो, आन् सवताच सवताला पेरून घेतं. सांगितलं व्हतं की."

तोवर बी टेकाडाच्या पोटात गेलं होतं, आणि टेकाड मशीनच्या पोटात जाणार होतं. बाकीच्या गवताचंही बी झडून गेलेलं.

रविवारी प्रांजलला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "बसा तरी, नानासो."

"त्येंना बसता येत न्हाई," मागून दीपमाला म्हणाली. "त्या दिसापासनं उभंच हायत. का ते बघ."

प्रांजलने मला वळवलं आणि आनंदाने टाळी वाजवली.

चिमट्याने उपसायला दीड तास लागला. बी चांगलं मूठभर निघालं, म्हणजे एका वाफ्यापुरतं. प्रत्येक पाकिटावर बी कुठून घेतलं ते लिहावं लागतं. बाकीच्यांच्या पाकिटांवर टेकड्यांची नावं आहेत. माझ्या पाकिटावर प्रांजलने सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'नानासोंची पँट, मागची बाजू.'