अख्खा पडदा ऑर्विलचा

प्राध्यापक फिल्म घेऊन येतोय हे ऐकलं आणि ऑर्विल पिकेटच्या हातातला तळलेला मासा ताटात पडला. जत्रेच्या तंबूत 'जिवंत सांगाडा' म्हणून हा माणूस उभी हयात उभा राहिलेला. जेवायला बसला की उठवावा लागायचा, पण अंगाला तोळाभर लागेल तर शपथ! त्यानं मासा टाकला म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"कुठली फिल्म?" त्यानं वेड पांघरून विचारलं.

"कुठली म्हणजे? तुझीच की!" त्याची बायको ड्रुसिला, जत्रेतली 'दाढीवाली बाई', आपल्या दाढीतून कंगवा फिरवत म्हणाली. "आपल्या लोकांवरची ती जुनी, भीतीची. शनिवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये दाखवणारेत. सगळ्यांना सांगून आलेय मी, माझा नवरा दिसणार म्हणून!"

ऑर्विलच्या पोटात गोळा आला. त्याच्या पोटात गोळा आला की तो बाहेरून दिसायचा, म्हणून त्यानं पटकन रुमाल पसरला.

फ्लोरिडातलं आमचं गाव जत्रावाल्यांचं. उन्हाळाभर देशभर तंबू ठोकायचे, थंडीत इथे येऊन पाय पसरायचे, आणि म्हातारपणी कायमचे. शेजारच्या अंगणात हत्ती बांधलेला असला तरी इथे कोणी मान वळवून बघत नाही. आमच्यात थापेला बंदी नाही. उंच माणूस चार बोटं वाढवून सांगतो, बुटका चार बोटं कमी करून. पण ते तंबूबाहेरच्या गिऱ्हाईकाला! तंबूच्या आत, आपल्या माणसाशी खोटं बोललेलं आम्ही खपवून घेत नाही. असा माणूस क्लबात आला की टेबलावरचे सगळे उठून जातात.

आणि ऑर्विल नेमका आपल्या माणसाशी खोटं बोलला होता, तेही ऐन तारुण्यात. ड्रुसिलाच्या मागे तेव्हा आग गिळणारा एक देखणा गडी लागला होता. त्याच्यापुढे आपला काय निभाव लागणार, म्हणून ऑर्विलनं ठोकून दिलं, "मी त्या फिल्ममध्ये आहे. जेवणाचा प्रसंग आहे ना, त्यात. क्षणभरच येतो, पण अख्खा पडदा भरतो!" फिल्म तेव्हा लोकांना झेपली नव्हती, थिएटरांतून केव्हाच गायब झाली होती. लग्न झालं, संसार झाला, आणि गावात ऑर्विल 'आपला नट' झाला. आता शनिवारी बायकोचं हसं होणार होतं, आणि ते आपल्यामुळे, या विचारानं त्याला रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी तो क्लबात जाऊन म्हणाला, "हॉलचे पंखे बिघडलेत. लोक उकडून मरतील."

"मग शर्ट काढून बसू," हॅम्प म्हणाला. हॅम्प म्हणजे गावातला सगळ्यात उंच माणूस. त्याच्याशी बोलून मान दुखायची.

शुक्रवारी ऑर्विलनं प्रोजेक्टरची वायर लंपास केली. हॅम्पनं आपल्या घरच्या फ्रिजची वायर कापून आणून जोडली आणि विरघळलेलं आइसक्रीम गावाला वाटलं. ऑर्विललाही दोन वाट्या मिळाल्या. त्यानं त्या जड अंतःकरणानं खाल्ल्या.

शेवटी त्यानं डोकं लढवलं. "प्राध्यापकसाहेब, मशीन मी चालवतो."

"अहो, तुम्ही तर पाहुणे कलाकार!" प्राध्यापक वेन्डल गहिवरला. तरुण होता, भाबडा होता, आणि या फिल्मवर पुस्तक लिहीत होता. "पण जपा हं. मध्येच थांबवलं तर फिल्म जळते."

म्हणजे बंद करायची सोय नाही. ठीक आहे, जेवणाचा प्रसंग आला की भिंगापुढे हात धरायचा. अंधार होईल, प्रसंग सरेल, हात काढायचा. ऑर्विलला त्या रात्री छान झोप लागली.

शनिवारी खिडक्यांना ताडपत्र्या ठोकल्या. वेन्डल पडद्यापाशी, लोकांकडे तोंड करून बसला. त्याला म्हणे आमच्या चेहऱ्यांवरचं भय टिपायचं होतं. त्यानं सुरुवात केली, "ही भयपटातली अभिजात कलाकृती आहे. रसग्रहण करताना कोणाला त्रास झाला तर निःसंकोच बाहेर..."

"पोरा, त्रास तुझ्या भाषणाचा होतोय," पहिल्या रांगेतून लुएला ओरडली. लुएला जेमतेम टेबलाएवढी, पण आवाज हॅम्पपेक्षा मोठा. "लाव लवकर!"

फिल्म सुरू झाली. जिथे जग किंचाळलं होतं तिथे आमची मंडळी खूश!

"अगं, त्या बिनहाताच्या पोरीनं पायानं जेवणाचा काटा काय सफाईनं धरलाय! वाजवा टाळ्या!"

"तो खुंटा बघ, कसा वाकडा ठोकलाय. वाऱ्यानं तंबू उडाला की समजेल!"

"ही फटाकडी त्या बिचाऱ्याला फसवणार. अरे बाबा, पळ!"

वेन्डल हिरमुसला. भय कुठेच दिसेना. तेवढ्यात पडद्यावर जेवणाचं लांब टेबल आलं. ऑर्विलनं देवाचं नाव घेतलं आणि हात पुढे केला. दिव्याची धग लागेल म्हणून जरा लांबच धरला. घात झाला तो तिथेच! अंधार होण्याएवढं मांस त्या हातात होतं कुठे? बोटांच्या फटींतून उजेड गेला आणि अख्ख्या पडद्यावर भलामोठा हाडांचा हात पसरला. वर भीतीनं थरथरणारा!

जन्मभर दुसऱ्यांना घाबरवून जगलेली माणसं अशी किंचाळली की विचारू नका! हॅम्प ताडकन उठला, त्याचं डोकं तुळईवर आपटलं, वरची धूळ लुएलाच्या डोक्यावर आली, लुएलानं हातातलं बटाट्याचं सॅलड भिरकावलं आणि ते वेन्डलच्या चष्म्यावर बसलं. त्यानं काच पुसत वळून पाहिलं आणि तोही किंचाळला, "हा हात! हा तर कुठल्याच प्रतीत नाहीये!"

हॅम्प टेंगूळ चोळत पडद्याजवळ गेला. "थांबा रे... अरे, हा तर ऑर्विलचा हात! असली बोटं जगात दुसऱ्या कोणाला आहेत?"

"अख्खा पडदा भरलाय!" लुएला खुर्चीवर चढली. "भरतो म्हणाला होता ना? परत दाखव!"

दुसऱ्यांना फसवण्यात हयात गेलेली माणसं स्वतः फसायला किती सोपी असतात, हे तेव्हा कळलं. रीळ संपल्यावर ऑर्विलनं फिल्म मागे गुंडाळली, पुन्हा दाखवली. पुन्हा टाळ्या. तिसऱ्या वेळी मात्र त्याला चढली. कलाकारच तो! हातानं एक बोट वाकवून लोकांना जवळ बोलावलं.

"मघाशी हे नव्हतं!" हॅम्प म्हणाला.

"तू मघाशी तुळईला धडकत होतास," लुएलानं त्याला गप्प केलं.

वेन्डल तर रडायलाच आला होता. "हा नियतीचा हात आहे! गुरुवारी मी हे विद्यापीठात दाखवतो. देशभरचे जाणकार बोलावतो. पिकेटसाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत!"

"नको, नको," ऑर्विल घाईघाईनं म्हणाला. "मशीन मीच चालवीन."

गावानं त्याला खांद्यावर घेऊन घरी पोचवलं. वजन नव्हतंच, एकट्या लुएलालाही जमलं असतं. दार लागलं आणि ऑर्विल मटकन खाली बसला. आता त्याला ते असह्य झालं.

"ड्रू, मी मोठा गुन्हा केलाय. त्या फिल्ममध्ये मी..."

"नाहीयेस. ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. तू सांगितलंस आणि मी हुडकून हुडकून शिकागोत ती फिल्म पाहिली. दोनदा पाहिली. म्हटलं, हा बारीक माणूस, नजरेतून सुटला असेल."

"मग लग्न कशाला केलंस माझ्याशी?"

"तो आग गिळणारा सदानकदा स्वतःबद्दल खरं तेवढंच बोलायचा रे. जीव विटला होता माझा. आणि माझ्यासाठी एवढी मोठी थाप आजवर कोणी मारली नव्हती. त्या थिएटरात बसून मी हसले, आणि मग रडलेसुद्धा."

ऑर्विलचे डोळे भरून आले. त्यानं तिचा हात धरायला आपला हात पुढे केला. तिनं तो घेतला, दिव्याखाली नेला, उलटासुलटा करून पाहिला आणि खणातून कात्री काढली.

"हलू नकोस. गुरुवारी मोठमोठी माणसं यायचीयेत, आणि तुझी नखं बघितलीस का?"