बरणीसकट वजन

मी जप्त मालाच्या कोठारात वजनकाट्यावर बसतो. गेल्या एकोणीस वर्षांत मी कोणालाही शिक्षा दिलेली नाही. मी फक्त ग्रॅम लिहितो. ग्रॅमवरून वर्षं काढायचा तक्ता भिंतीवर आहे आणि तो मी लावलेला नाही.

नियम सोपा आहे. बंदी असलेला पाला ज्यात मिसळला असेल ते सगळंच बंदीचं, भांड्यासकट. त्यामुळे नुसती पुडी घेऊन फिरणारे अट्टल लोक सहा महिन्यांत सुटतात आणि चिमूटभर पाला केकमध्ये घालणारा अंडी, मैदा, साखर यांचीही शिक्षा भोगतो. एकाने झाड कुंडीत लावलं होतं. आम्ही कुंडी तोलली. माती ओली निघाल्याने त्याची दोन वर्षं वाढली. मला त्यात काही गैर वाटलं नाही, पाणी त्यानेच घातलं होतं.

परवा मात्र काट्यावर ओळखीची बरणी आली. मागोमाग मावशी. माझी सख्खी मावशी, चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून गुडघे कामातून गेलेली. पाल्याचं तेल चोळलं की तिला जिना चढता यायचा. आधी छोटी बाटली पुरायची. "वास फार येतो, शेजारी तक्रार करतील. मोठ्या बरणीत कर, भरपूर तेल घाल," हे मीच शिकवलं. अक्कल पाजळायची हौस भारी ना!

काटा थांबला. तीन हजार एकशे वीस. तक्त्यात तीन किलोपुढे 'व्यापारी मात्रा', आठ वर्षं.

"साहेब, बरणी वगळली तर?" मी हळूच विचारलं.

"फॉर्मवर रकाना एकच आहे. एकोणीस वर्षांत आज तुम्हाला बरणी दिसली होय?" साहेब मावशीकडे वळले. "एवढं तेल एकटीच लावता, आजी? की आणखी कोणी आहे?"

आणखी कोणी काट्यावरच बसलं होतं. ग्रॅम लिहून लिहून माझी कंबर धरते, रोज जेवणानंतर मावशीच चोळून द्यायची. मी कबूल केलं असतं, तर माल दोघांत वाटला जाऊन दोन-दोन वर्षांवर भागलं असतं. पण मग नोकरी? पेन्शन? मी पेनाचं टोपण काढलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "एकटीच लावते, साहेब," ती म्हणाली. मग मला, "लिही रे बाबा. आणि असा वाकून बसू नकोस, पुन्हा कंबर धरेल."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

न्यायाधीशांनी निकालात 'वैयक्तिक जबाबदारी'वर सव्वा पान खर्च केलं. सख्ख्या मावशीलाही सूट दिली नाही म्हणून कचेरीत माझा सत्कार झाला. मी म्हणालो, "प्रत्येकाने आपल्या कृत्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे." टाळ्या पडल्या. लाज वाटली, पण खाली बसल्यावर.

तुम्ही म्हणाल, काय हलकट माणूस आहे हा! मान्य. तुरुंगात भेटायला गेलो की मावशी जिन्याच्या पायरीवर बसून मलाच कंबरेचं विचारते, तेव्हा मीही स्वतःला तेच म्हणतो. पण तीन किलोची मर्यादा दोनवर आणा, अशी मागणी करणारा अर्ज गेल्या आठवड्यात आमच्याकडे आला. कचेरीतल्या सगळ्यांनी सही केली, म्हणून मीही केली. जागा शोधताना वरच्या सह्या वाचल्या. तुमची पहिल्याच पानावर आहे.