चष्मेवाले सरकारांनी बास गिटारीचे पिकअप बदलले, त्या मोहिमेची हकीकत

ज्या मोहिमांत हत्ती बुजले आणि घोडे पडले, त्यांची हकीकत लिहिणारे पुष्कळ जाहले. ज्या मोहिमेत एक स्क्रू फ्रिजखाली गेला आणि एक मेजपोस जळाला, तिची हकीकत लिहावयास कोणी राजी होईना, सबब हे काम आम्हांकडे आले. घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले ते थोडे, आणि तेही सरकारांच्या लौकिकास शोभेल इतकेच.

राजश्री चष्मेवाले सरकार, चष्म्यांच्या दुकानाचे धनी, पहिल्या मजल्याचे रहिवासी, यांचा शिरस्ता ऐसा की, दिवसभर रयतेच्या नाकांवर चष्मे बसवावे आणि वाकड्या काड्या सरळ कराव्या, मग संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवावे आणि मागील खोलीत चार तारांची बास गिटार मांडीवर घेऊन ॲम्प्लिफायर चालू करावा. ऐसी कित्येक साले गेली. ऐसे असता एके दिवशी जिन्यात तळमजल्याच्या काकूसाहेब, निवृत्त मुख्याध्यापिका, जबानीच्या करारी, समोर आल्या आणि त्यांचे फर्मान जाहले की, "अहो, रोज संध्याकाळी तुमच्याकडची पाण्याची मोटर घरघरते. दाखवून घ्या कुणाला तरी."

तेव्हा ‘काकू, ती मोटर नव्हे, तो मी’ ऐसे सरकारांच्या ओठांपर्यंत आले आणि तेथूनच माघारी फिरले, आणि सरकार "हो, दाखवतो" इतके बोलून वर निघून आले. काकूसाहेब हुकूम देऊन स्वस्थ बसणाऱ्या नव्हत, म्हणून दुसरे दिवशी त्यांनीच प्लंबर रवाना केला. त्याने मोटर खोलून पाहिली, हिला धाड भरलेली नाही ऐसा निवाडा दिला, आणि आलोच आहोत तर म्हणून तेलपाणी केले. सरकारांनी शेजारी उभे राहून मान डोलावली आणि त्यास चहा पाजला. निरोगी मोटरीवर आपल्यापायी औषधोपचार होताहेत हे पाहून सरकारांस जे वाटले ते आम्ही सौम्य करून लिहीत नाही. सरकारांस फार लागले. त्या दिवशी जेवणात चित्त नव्हते.

मग सरकारांनी बाईसाहेबांस खलबतास बोलाविले. बाईसाहेब म्हणजे सरकारांची पत्नी, इस्पितळातील नर्स, कोणाच्या कण्हण्यास सहसा भीक न घालणाऱ्या. त्यांजपुढे सरकारांनी प्रतिज्ञा केली की, गिटारीचे दोन्ही पिकअप बदलतो, आणि त्याउपरीही काकूंस मोटरच ऐकू आली तर गिटार माळ्यावर टाकतो, पुन्हा खाली काढणार नाही. बाईसाहेबांस ही थट्टा वाटली, मग त्यांनी सरकारांच्या तोंडाकडे पाहिले आणि थट्टा नव्हे हे समजल्या.

येथे पिकअप म्हणजे काय हे सांगणे प्राप्त आहे. पिकअप हे गिटारीचे जासूद होत. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, ऐसा त्यांचा देह. तारांखाली दबा धरून बसावे, तार थरथरली की ती खबर वायरीच्या वाटेने ॲम्प्लिफायरच्या दरबारी रुजू करावी, हे त्यांचे काम. सरकारांचे दोन्ही जासूद जुने, सुस्त, आणि खबर द्यावयाची ती घरघरीत गुंडाळून देणारे. दरबारी स्वर कोणता आणि घरघर कोणती याचा उलगडा होत नसे.

नवे जासूद खोक्यातून दाखल जाहले, आणि रविवारी दुपारी जेवणाच्या मेजावर मोहीम सुरू जाहली. दुकानातील बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि डोळ्यास लावावयाचे भिंग ऐसा सरंजाम मांडून सरकारांनी तारा सैल केल्या आणि झाकणाचे स्क्रू काढले. स्क्रू मोकळे होताच फितुरी जाहली, आणि ते एकामागून एक नव्या लोहचुंबकास जाऊन चिकटले. एक स्वाभिमानी निघाला, तो फ्रिजखाली गेला. मग सरकारांनी जुन्या वायरी सोडविल्या, नव्या जागी धरून कथिल वितळवून डाख दिला, आणि डाखाचा तापला दांडा क्षणभर मेजपोसावर विसावला. मेजपोस बाईसाहेबांच्या माहेरचा होता. या आघाडीवरील चकमक आम्ही गाळली आहे.

तारा ताणून, सूर लावून सरकारांनी पुढील जासुदास एकट्यास बोलते केले, तो गर्जला. मागील एकटा बोलला, तोही गर्जला. सरकारांचे डोळे पाणावले. मग दोघांस एकत्र सोडले, तो आवाज सर्दी झालेल्या माणसागत नाकातून येऊ लागला आणि खर्ज मुळीच नाहीसा जाहला. सरकार खाली बसले, आणि माळ्याच्या दाराकडे एकवार पाहिले.

बाईसाहेब भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दोन्हींच्या वायरी सारख्याच जोडल्यात ना?"

"सारख्या कशा? जोडी आहे ती. जोडी एकमेकांच्या उलटच असते."

"अहो, तो काय चष्मा आहे?"

हा घाव वर्मी बसला. सारा जन्म चष्म्यात गेलेला, जेथे डावी काडी ही उजवीची आरशातील छबी, आणि त्याच सवयीने सरकारांनी एकाची पांढरी वायर जेथे जोडली तेथे दुसऱ्याची काळी जोडली होती. सबब तार थरथरली की एक जासूद म्हणे शत्रू चाल करून आला, दुसरा त्याच घटकेस म्हणे शत्रू मागे हटला, आणि दरबार दोन्ही खबरा एकमेकींतून वजा करून स्वस्थ बसे. सरकारांनी दांडा पुन्हा तापविला आणि मागील जासुदाच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली. या खेपेस दांडा बाईसाहेबांनी पुढे सारलेल्या बशीत ठेवला.

मग दोघे एका तोंडाने बोलले, आणि खिडकीची तावदाने थरारली, आणि मांडणीवरील भांडी वाजली, आणि सरकार आपले एकुलते एक गाणे धरून बसले. थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. दारात काकूसाहेब होत्या, जिना चढून दमलेल्या.

"मोटर दुरुस्त झाली वाटतं. बरं झालं. पण हे वाजवतंय कोण?"

सरकारांनी एकवार बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेबांनी भाजीतून मान वर केली नाही.

"मी," सरकार म्हणाले.

"मग मघापासून तेच तेच काय घोळवताय? पुढचं येत नाही का?"

"नाही येत."

"मग शिका," म्हणून काकूसाहेब कठड्यास धरून खाली उतरल्या. दार लावल्यावर सरकार दारापाशीच उभे राहून गालातल्या गालात हसत होते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आपल्या बाजूस मेजपोस एक कामी आला आणि स्क्रू एक अद्याप बेपत्ता आहे. मोटर मुळापासून निर्दोष होती, ती बरी जाहली म्हणून तळमजल्यावर समाधान आहे, आणि ते मोडण्याचे आम्हांस कारण नाही. गिटार माळ्यावर गेली नाही. काकूसाहेबांनी गाण्यास नावे ठेविली, म्हणून कोणी यास पराभव म्हणतील, त्यांनी काकूसाहेबांचा पहिला सवाल पुन्हा वाचून पाहावा. मोटरीविषयी कोणी ‘कोण’ म्हणून विचारीत नाही.