हुडकेश्वरची चौकशी आणि एक विशेषण

माणूस बोलताना कोणतं विशेषण वापरतो, त्यावरून मी त्याच्या पोटातलं ओळखतो. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, गंमत नाही! नाम साळसूदपणे गप्प बसतं, विशेषण सगळं ओकतं.

म्हणून आमच्या मोनालीसाठी हुडकेश्वरच्या प्रशिकचं स्थळ आलं, तेव्हा पाहुणे घरी यायच्या आधी मी गुपचूप त्याच्या गल्लीत गेलो. पोरगी फोनवर बोलून आधीच हो म्हणून बसली होती. म्हणजे बापानं डोळे उघडे ठेवायलाच हवेत. आणि खरी चौकशी आपल्याकडे पानठेल्यावरच होते.

ठेल्यावर एक वयस्कर गृहस्थ सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले होते.

"भाऊ, इथला प्रशिक कसा आहे?"

"आहे."

"म्हणजे हुशार, आळशी, तापट?"

"पोरगा आहे. कामाले जाते, घरी येते."

घ्या! इतकं बोलले आणि एक विशेषण नाही. भाजीवालासुद्धा वांग्याला ताजं म्हणतो. हा माणूस नक्की काहीतरी गिळून राहिला होता.

"पेते का?" मी त्यांच्या कानाशी लागलो.

"पाणी पेते."

"काहून लपवून राहिले गा? बरं, बाप कसा आहे त्याचा? खडूस? लोभी?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"मुलीचा बाप."

"असं," म्हणाले आणि उठून गेले.

घरी येऊन मी जाहीर केलं, "काळंबेरं आहे. स्थळ नको."

मोनालीनं ताट सरकवलं. "बाबा, तुम्हाले माणूस पाहायचा आहे का वाक्य?"

"रविवारी येऊ द्या त्यांले," माझी बायको माया म्हणाली. "मंग बोला."

रविवारी दार उघडलं. मध्यस्थ धम्मदीप, प्रशिक, त्याची आई आणि मागे ठेल्यावरचे तेच गृहस्थ.

"हे भैय्याजी," धम्मदीप म्हणाला, "मुलाचे वडील."

कोणता बाप चौकात उभं राहून आपल्याच पोराला हुशार म्हणेल? माझा चेहरा पाहून मोनालीला सगळं कळलं. बिचारी रडायच्या बेतात आली.

चहा झाला. धम्मदीपनं विचारलं, "मंग भैय्याजी, कसं वाटलं?"

"पोरगी समजदार आहे. माय तिची प्रेमळ. आमच्याकडून होकार."

माझा जीव भांड्यात पडला.

"आन् मास्तर?"

भैय्याजींनी माझ्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"चहा मस्त होता."

तोही मायानंच केला होता.