निळ्या टाकीकडे तोंड

छापखान्याच्या गच्चीवर अंशराव दुपारी दोनपासून एक पांढरी तबकडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवत होते, आणि दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गच्चीवरून त्यांच्या सासूबाई फोनवर आकडे वाचून दाखवत होत्या. अंशराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण जेवायला बसल्यावरही ‘हे टेबल दोन अंश कललंय’ असं सांगणाऱ्या माणसाला मित्र दुसरं काय म्हणणार?

छापखान्याचं ऑफिस इकडे आणि यंत्रं तिकडे, सासूबाईंच्या इमारतीच्या तळमजल्यावर. मधला रस्ता खणून केबल टाकायची परवानगी मिळत नव्हती. म्हणून दोन गच्च्यांवर दोन तबकड्या बसवायच्या. त्या नेमक्या समोरासमोर आल्या की छपाईची पानं हवेतून इकडची तिकडे जाणार. आधी दोघा जणांनी या कामापुढे हात टेकले होते.

“पाच वाजेपर्यंत तबकडीच्या डब्यावरचा दिवा हिरवा झाला तर आपल्या चारही शाखांचं काम तुमचं,” मालकांनी सकाळीच सांगितलं होतं. “नाही झाला तर सामान उतरवा. सहाला दुसरे लोक येतायत.”

अंशरावांनी दोनच महिन्यांपूर्वी नोकरीवर लाथ मारून स्वतःचा धंदा काढला होता, आणि या दोन महिन्यांत त्यांना एवढं मोठं काम मिळालं नव्हतं. तेही मिळालं होतं सासूबाईंनी मालकांकडे शब्द टाकला म्हणून. म्हणजे नाक कापलं जायचं तर दोघांचं एकदम.

एरवी दुसऱ्या टोकाला त्यांची बायको असायची. आज नेमकी लेकीच्या शाळेत पालकांची सभा निघाली, आणि बायको म्हणाली, “आईला घ्या की. घरचीच गच्ची आहे. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय तिनं, डोळा अजून पक्का आहे.”

“डोळ्याचं काम नाही गं ते,” अंशराव म्हणाले होते. “शास्त्र आहे.”

सकाळी त्यांनी सासूबाईंच्या गच्चीवर होकायंत्र धरून दिशा काढली, तबकडी बसवली, खांबावर खडूची खूण केली. शेवटी हलवायला लागेल म्हणून बोल्ट अर्धवट आवळून पाना तिथेच ठेवला. मग लॅपटॉपवरचा आकडा दाखवून सासूबाईंना समजावलं, “आई, आकडा जितका लहान तितकं चांगलं. ऐंशी म्हणजे ठार बहिरं. पन्नास म्हणजे कानात सांगितल्यासारखं. आणि एक टोक हलवताना दुसरं टोक स्थिर राहिलं पाहिजे, हा या धंद्यातला पहिला नियम. तुम्ही फक्त वाचायचं. हात लावायचा नाही.”

“मी कशाला लावतेय हात,” सासूबाई म्हणाल्या.

तर आता साडेतीन वाजले होते.

“जावईबापू, चौऱ्याहत्तर.”

अंशरावांनी तबकडी केसभर डावीकडे नेली. “आता?”

“थांबा हं. चष्मा पुसते.” थोडा वेळ पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. “सहासष्ट.”

“बघा, डावीकडेच आहे,” अंशराव खुशीत म्हणाले आणि आणखी डावीकडे गेले.

“एकोणऐंशी.”

“असं कसं होईल?”

“मी आपलं दिसतं ते वाचते,” सासूबाई म्हणाल्या. पुन्हा खुडबुड. “हं, आता एकाहत्तर.”

म्हणजे डावीकडेच. अंशरावांची गणितावर फार श्रद्धा. डावीकडे सरकता सरकता त्यांची तबकडी शेवटी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीसमोर येऊन उभी राहिली. एक बाई चादर काढायला आल्या, त्यांनी तबकडीकडे पाहिलं, अंशरावांकडे पाहिलं, आणि चादर तशीच सोडून खाली गेल्या.

“ब्याण्णव,” सासूबाई म्हणाल्या. “इथे तर आता सगळंच लाल झालंय.”

अंशराव खाली बसले. त्यांच्या मनात एक शंका आली, पण सासूला ती विचारायची कशी?

“आई, रागावू नका. पण तुम्ही तबकडीला हात तर नाही ना लावला?”

“नाही हो.” मग थोडं थांबून, “अगदी थोडासा.”

“किती थोडासा?”

“दोनदा. पाना होताच इथे. वाकडी दिसत होती हो. मला वाकडं बघवत नाही, तुम्हाला माहितीये.”

अंशरावांना चांगलंच माहिती होतं. त्यांच्या लग्नात हार घालायच्या क्षणी याच बाईंनी ‘एक मिनिट’ म्हणून पुढे होऊन त्यांची कॉलर सरळ केली होती. त्यांनी दहा आकडे मोजले. मग जमेल तितक्या मऊ आवाजात त्यांनी नियम पुन्हा सांगितला आणि तबकडी खडूच्या खुणेवर परत आणायला लावली.

“आणली,” सासूबाई म्हणाल्या. “पण बरी दिसत नाही.”

अंशरावांनी पहिल्यापासून सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक अंश करत. चौऱ्याहत्तरच्या खाली आकडा येईना. पावणेपाच वाजले. जिन्यात पावलं वाजली आणि मालक मनगटावरचं घड्याळ बघत वर आले. अंशरावांची आता खरोखरच पाचावर धारण बसली.

“कुठवर आलंय?” मालकांनी विचारलं.

“शेवटचा हात फिरवतोय,” अंशराव म्हणाले, आणि फोन घेऊन पाण्याच्या निळ्या टाकीच्या आड गेले. चार शाखा, दोन महिने आणि बायकोचा चेहरा असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्यांनी अभिमान गिळला. तो काही सहज उतरला नाही.

“आई, मघाशी तुम्ही तबकडी फिरवली ती नक्की कुठे फिरवली?”

“तुमच्या निळ्या टाकीकडे. इथून सरळ दिसते की. सुईत दोरा ओवताना धरते तसा एक डोळा मिटला आणि नेम धरला.”

“आणि खडूच्या खुणेवर कुठे बघते ती?”

“बेकरीच्या धुरांड्याकडे.”

“सकाळपासून?”

“सकाळपासून. मला वाटलं, तुमचं काही शास्त्र असेल.”

अंशरावांना सकाळचं सगळं आठवलं. ऊन लागतं म्हणून ते सावलीत, गच्चीच्या लोखंडी कठड्याला टेकून उभे राहिले होते. होकायंत्र त्याच कठड्यावर ठेवलं होतं. लोखंडाजवळ होकायंत्र धरू नये, हे वाक्य ते नव्या माणसांना इतक्यांदा ऐकवत की बायकोला पाठ झालं होतं.

“आई,” ते म्हणाले, “फिरवा टाकीकडे.”

“हात लावू?”

“लावा.”

“नियमाचं काय?”

“मी इकडे हलत नाही. तुम्ही सावकाश नेम धरा.”

पलीकडून पान्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. पाचला सहा मिनिटं होती. “झालं,” सासूबाई म्हणाल्या. “आता मी हात मागे बांधून उभी आहे. फिरवा तुमची.”

अंशरावांनी फोन तसाच चालू ठेवून शर्टाच्या खिशात टाकला आणि तबकडी हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

“सत्तर,” खिसा बोलू लागला. “त्रेसष्ट. अठ्ठावन्न. अहो, बावन्न. आता थांबा, नाही तर पुन्हा घालवाल.”

अंशराव थांबले आणि त्यांनी आपल्याकडचे बोल्ट आवळून टाकले. डब्यावरचा दिवा हिरवा झाला. खालून कोणीतरी ओरडून सांगितलं की पलीकडच्या यंत्रावर पानं पोचायला लागली. मालकांनी एकदा दिव्याकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोन मिनिटं होती.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “दोघा जणांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. कसं काय?”

अंशरावांनी पाना पुसला. पाठ जरा ताठ केली. “काही नाही हो. अनुभव असतो.”

“कोणाचा?” खिशानं विचारलं.

मालक खिशाकडे बघत राहिले. अंशरावांनी फोन बाहेर काढला. बंद करायची बोटांना फार इच्छा झाली होती, पण दुसऱ्या टोकाचे बोल्ट अजून ढिले होते आणि पाना त्या बाईंच्या हातात होता.

“तुमचा, आई,” ते म्हणाले.

“मग ठीक आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आवळते आता.”