बाहेरची हवा

अणदूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या प्रसेनजित सरांनी उन्हाळ्यात एक जुनी डिझेल गाडी घेतली, ती टर्बोवाली आहे म्हणून. चार महिने ती वाऱ्यासारखी पळाली. पाचव्या महिन्यात तुळजापूरच्या चढावर तिनं अशी मान टाकली की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला. वर त्याच्या ड्रायव्हरनं जाता जाता, काही मदत पाहिजे का, असंही विचारलं.

शेजारी त्यांची बायको प्रीती बसली होती. ती आरोग्य केंद्रात नर्स, आणि सोमवारी सकाळी दहाला धाराशिवला तिची बढतीची मुलाखत होती. घरी आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की सोमवारी आपण एसटीनं जाऊ. हे सरांना फार लागलं.

गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता ‘टर्बो गेला, नवा बसवा’ असा निकाल दिला होता. पण पुराव्याशिवाय निकाल मानायचा नाही, हे सर पंधरा वर्षं पोरांना शिकवत आले होते. लिंबातून रक्त काढून दाखवायचं आणि मग त्यामागची रसायनं फळ्यावर लिहायची, हा त्यांचा दरवर्षीचा कार्यक्रम. त्यांनी रात्रभर वाचून काढलं. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो; वाटेतला एखादा पाईप सैल असला की ती हवा मधेच निसटते, आणि टर्बो धडधाकट असूनही गाडी दमते. यावर उपाय म्हणजे पाईपात धूर सोडायचा. जिथून धूर निघेल तिथं दुखणं.

धुराचं मशीन अणदुरात नव्हतं. रविवारी सकाळी सरांनी तुपाच्या रिकाम्या डब्याला दोन भोकं पाडली. एकाला पायानं मारायचा पंप जोडला, दुसऱ्यातून निघालेली नळी एअर फिल्टरच्या जागी खोचून भोवती फडकं आवळलं, आणि डब्यात निखारे टाकले. निखारे नुसतेच लाल झाले. ओलं गोणपाट घातलं, तर विझले. शेवटी प्रीतीनंच सुचवलं, की शेजारच्या मथुराबाईंकडं ऊद असतो.

पंचाईत झाली ती इथून. मथुराबाई मूठभर ऊद घेऊन स्वतःच आल्या. बॉनेट उघडं, डबा धुमसतोय आणि सर घामाघूम होऊन पंप मारतायत, हे बघून त्या दबकत म्हणाल्या, "काय झालंय वो सर गाडीला?"

"काही नाही मावशी, हवेचा घोळ आहे. बाहेर जातेय."

"बाहेरची हवा व्हय?"

पंपाच्या फसफसाटात सरांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मान डोलावली.

दहा मिनिटांत गल्ली जमली. कुणी नारळ आणला, कुणी बंपरला लिंबू-मिरची बांधली. पाय थांबवला तर धूर तुटणार, म्हणून सर पंप मारत मारतच दमलेल्या आवाजात हवेच्या दाबाचा सिद्धांत समजावू लागले. त्यांचे ओठ हलताना दिसले तशी मंडळींनी हात जोडले. नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक कृष्णराज सर दुधाची पिशवी घेऊन तिथून चालले होते. ते थांबले, सगळं पाहिलं, आणि निघून गेले. संध्याकाळी त्यांना सगळं समजावून सांगायचं, असं प्रसेनजित सरांनी पंप मारतानाच ठरवलं.

इतक्यात गर्दीतल्या सगळ्यांत वयस्क मल्लम्मा गाडीला कुंकू लावायला पुढं झाल्या. वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

"मास्तर, वरनं काय बघतोस? हितनं खालनं निघालंय की."

सर गुडघ्यांवर बसले. खालच्या रबरी पाईपाची क्लिप सैल होती आणि तिथून धुराची बारीक वेटोळी निघत होती. मल्लम्मांनी बरोब्बर त्याच जागी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. सरांनी स्क्रू ड्रायव्हरनं क्लिप आवळली, धूर तुटला, आणि बायकांनी नारळ फोडला.

दुपारी तपासून पाहायला नेली, तर गाडी त्याच चढावर अशी झेपावली की प्रीतीनं डॅशबोर्ड घट्ट धरला, आणि उद्या एसटी नको म्हणाली. गल्लीनंही मान्य केलं, की मथुराबाईंचा ऊद अस्सल होता.

संध्याकाळी सर कृष्णराज सरांच्या घरी गेले. टर्बो, पाईप, क्लिप सगळं त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात काढून दाखवलं. कृष्णराज सरांनी लक्ष देऊन ऐकलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले, आणि अगदी शास्त्रशुद्ध आहे म्हणाले. गावात निदान एका माणसाला तरी कळलं, म्हणून सरांचा जीव भांड्यात पडला. सोडायला दारापर्यंत आल्यावर मात्र कृष्णराज सरांनी आवाज खाली आणला.

"माझीबी गाडी चढाला दमतीय हो. शनिवारी आणतो. फक्त मल्लम्मांना आधी सांगून ठेवा, ऐनवेळी त्यांना दुसरीकडचं बोलावणं नको."

सरांनी मनात हिशोब मांडला. ऊद त्यांनी जाळला होता, पंपही त्यांनीच मारला होता. पण गळती सापडली होती ती मल्लम्मांनाच. पुरावा तसा होता.

"सांगतो," ते म्हणाले.